चार बोटांची नळी, गाडीभर माल

आमचा धंदा कापडाचा. कोपरखैरण्यात दुकान आणि माल भिवंडीचा. टेम्पो भरेल इतका माल दररोज लागत नाही. पण नमुन्याचे तागे आणायचे, शिंप्याकडे अस्तर पोहोचवायचे, उधारीची वसुली करायची ही कामे रोजचीच. ती सगळी एका जुन्या मोटारसायकलवर चालतात. महापे, शिळफाटा, मुंब्रा बायपास असा तिचा रस्ता ठरलेला आहे. नवी मुंबईतील पाववाला असो, सुतार असो की किरकोळ व्यापारी, बहुतेकांचे असेच आहे. दुकानाच्या भाड्याचा हिशेब आपण तोंडपाठ ठेवतो, पण ज्या गाडीवर रोजी चालते तिच्याकडे बंद पडेपर्यंत पाहत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर दुकानात पेट्रोलचा वास येऊ लागला. आम्हांला वाटले, शेजारच्या गाडीचा असेल. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मागच्या सीटवर दोन गठ्ठे बांधून भाचा निघणार, एवढ्यात समोरच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी हाक मारली, "चाचा, गाडी चालू करू नका." टाकीच्या कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी काळी नळी कॉकच्या तोंडाशी फाटली होती आणि पेट्रोलचा थेंब थेट इंजिनावर पडत होता. खाली तापणारे इंजिन, वर टाकी, मागे सुती कापड आणि मध्ये आमच्या बहिणीचा मुलगा! त्या दिवशी काही झाले नाही, हे आमचे नशीब. हुशारी मुळीच नव्हे.

उस्तादांनी नळी काढून आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "चाचा, तुम्ही कापड चुरगाळून पारखता ना? तशीच ही वाकवून बघा." आम्ही वाकवली. बाहेरून बरी दिसणारी नळी वाकवताच बारीक भेगांनी भरून गेली. कुजलेला धागा घडीवर तुटतो, तशीच गत.

नळी का खराब होते?

रबराला उष्णता आणि पेट्रोल दोन्ही सोसावे लागतात. वर्षे गेली की ते कडक होते, टोकाशी ढिले पडते. त्यात आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली. २०२२ साली हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत गेले. हे इथेनॉल आपल्याच राज्यातील साखर कारखान्यांतूनही येते आणि त्याने ऊसवाल्याला दोन पैसे मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. जुन्या वाहनांतील काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे २०२५ साली पेट्रोलियम मंत्रालयानेही सांगितले आहे. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. खाडीकाठच्या दमट हवेत महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साठते, कॉक गंजतो.

नळी कशी बदलावी?

आम्ही उस्तादांजवळ बसून पाहिले, ते असे. गाडी मोकळ्या हवेत मधल्या स्टँडवर लावावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. जवळ विडी, अगरबत्ती, शेगडी काही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबची ठिणगीही पकडते. शेजारी वाळूची बादली ठेवावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगून आग आणखी पसरवते.

कॉक बंद करावा. काही गाड्यांच्या कॉकला बंद करण्याची सोयच नसते, काहींचा कॉक बंद करूनही गळतो. तेथे टाकी रिकामी केल्याशिवाय काम सुरू करू नये. खाली पत्र्याचा डबा ठेवावा. पकडीने दोन्ही क्लिपा दाबून मागे सरकवाव्यात आणि नळी हलकेच पिळून ओढावी. चिकटली असेल तर ब्लेडने उभी चिरावी, पण कॉकच्या तोंडावर ओरखडा पडू देऊ नये. जोर लावला तर कॉकच मोडतो आणि दहा मिनिटांचे काम दोन दिवसांवर जाते.

नवी नळी जुन्याच मापाची, आतील भोक तंतोतंत तेच. क्लिपा आधी नळीवर चढवाव्यात, मग नळी शेवटपर्यंत बसवावी. डिंक, सोल्यूशन, सुतळी काही लावू नये. नळी कोठे दुमडू नये, इंजिनाला टेकू नये. मध्ये फिल्टर असेल तर त्यावरचा बाण कार्बोरेटरकडे हवा. नंतर कॉक उघडून गाडी चालू न करता दहा मिनिटे थांबावे आणि दोन्ही टोकांना कोरडा कागद लावून पाहावा. कागद कोरडा राहिला तरच किक मारावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पाहावे. पेट्रोलने भिजलेली चिंधी दुकानात टाकू नये, उघड्यावर वाळवावी. सांडलेले पेट्रोल गटारात ओतू नये.

एक इशारा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत. त्यांच्या नळीत पंपाचा दाब असतो. तेथे घरचा प्रयोग नको, जाणकाराकडेच जावे.

खरेदीची पारख

दुकानात जाताना जुना तुकडा नमुना म्हणून न्यावा. पाण्याच्या लेव्हलची पारदर्शक प्लॅस्टिक नळी स्वस्त मिळते, पण ती पेट्रोलने काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते. कंपनीची नळी मागावी, किंवा पेट्रोलसाठीची म्हणून छाप असलेली नायट्राइल रबराची. इथेनॉलसाठी व्हायटॉनची अधिक टिकते, पण महाग पडते. नव्या क्लिपाही घ्याव्यात आणि बिल मागावे. आमच्या गाडीचा सारा खर्च चांगल्या सुटिंगच्या एका मीटरपेक्षा कमी आला.

गॅरेजवाल्या बांधवांनाही एक विनंती आहे. सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक जुन्या गाडीची नळी वाकवून पाहा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. दाखवून केलेल्या कामाचे पैसे कोणी नाकारत नाही, आणि असे गिऱ्हाईक पुन्हा त्याच दारात येते. आपल्या हुनराची पत अशीच वाढते.

ती फाटकी नळी आम्ही गल्ल्याजवळ खिळ्याला टांगून ठेवली आहे. आता भाचा रोज सकाळी गठ्ठा बांधण्याआधी खाली वाकून कॉककडे पाहतो. आपणही आज दुकान बंद करताना एवढे पाहून घ्यावे.