खुरपणीचा रोज कुणाच्या खात्यावर?

गेल्या खरिपाच्या तोंडावर बीड जिल्ह्यातल्या एका गावी ठिबक संचाच्या अनुदानाची कागदपत्रे तपासत बसलो होतो. चाळिशीच्या एक बाई आल्या. तीन एकर रान, विहिरीला बरे पाणी, कपाशी आणि थोडी तूर. सातबारा मागितला तर म्हणाल्या, "साहेब, रान माझ्या हाताखालचं, पण कागूद त्यांच्या नावाचा. अन् ते पाच वर्सं झाली, पुण्याला दुसरं घर करून ऱ्हात्यात. आता रान इकायचं म्हणत्यात." अर्ज परत द्यावा लागला. जमीन ज्याच्या नावावर, अनुदान त्याला, हा नियम.

आम्ही शेतीखात्यातली माणसे हिशेबाची. पिकाचा हमीभाव ठरवताना केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग बी, खत, औषध, बाहेरची मजुरी धरतो. शिवाय घरच्या माणसांच्या श्रमाची मानीव किंमतही धरतो. २०१८-१९ पासून या दोन्हींच्या बेरजेच्या दीडपट भाव देण्याचे धोरण आहे. स्वतःच्या जमिनीचा मानीव खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज त्यात नसते, ही तक्रार खरी आहे. पण तो विषय पुन्हा कधी. मुद्दा असा, की घरच्या बाईची खुरपणी आणि वेचणी दिल्लीच्या कागदावर खर्च म्हणून मांडली जाते. घरातल्या कागदावर मात्र तिचा मागमूस नाही.

त्या बाईंसमोर वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. वर्षाचे दीडशे दिवस रानात, आजचा रोज अडीचशे रुपये धरला, तर साडेसदतीस हजार. लग्नाला अठरा वर्षे झालेली. आजच्या दराने पावणेसात लाख. दूधदुभते, स्वयंपाक, पाणी, सासूचे दुखणेखुपणे यात धरलेले नाही. बाई आकड्याकडे बघत राहिल्या आणि हसल्या.

संसार मोडला तर या पावणेसात लाखांतले काय मिळते? आपल्याकडच्या हिंदू कायद्यात घटस्फोटानंतर नवऱ्याच्या जमिनीत बायकोला वाटा नाही. मिळते ती पोटगी. पूर्वी त्यासाठी फौजदारी संहितेचे १२५ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम आहे. नवरा वारला तर बायको वारस होते, पण जिवंतपणी सोडून गेला तर नाही. म्हणजे वैधव्यात जो हक्क आहे तो टाकलेपणात नाही. हे मला आजवर कुणी नीट पटवून दिलेले नाही.

शेजारच्या गोव्यात तसे नाही. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यावर आधारलेली पद्धत चालत आली आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक, निम्मी निम्मी. बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही.

आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढली आणि गावोगाव नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. पुढे १९९२ साली राज्य शासनाने परिपत्रक काढले. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला की बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. यात एक खोच आहे. फेरफाराची नोंद ही महसुलासाठी असते, तिने मालकी सिद्ध होत नाही. म्हणून पक्के करायचे असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे. नवऱ्याने बायकोला शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. इतर आकार वेगळे. जमीन वडिलोपार्जित आणि भावाभावांत सामाईक असेल तर आधी वाटणी करून घ्यावी लागते.

हे सांगितले की पारावर एक प्रश्न हमखास येतो: "नाव लावलं अन् तीच निघून गेली तर?" विचारणाऱ्यावर मी रागावत नाही. एवढेच विचारतो, की तुमच्या गावात रान सोडून गेलेल्या बायका किती आणि नवरे किती? मग तंबाखू मळली जाते आणि विषय पावसावर जातो.

त्या बाईंना तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पाठवले. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो. पोटगीचा अर्ज झाला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नवऱ्याने जमीन विकू नये अशी मनाईही मागितली आहे. तारखा चालू आहेत. ठिबक नाही, त्यामुळे यंदाही त्या सरीनेच पाणी देतात, बहुतेक रात्री, कारण त्यांच्या फीडरला वीज रात्रीची असते.