रेडिओवरील मोठीं विमानें: बॅटरी व सर्व्हो यांची निवड

नांदेडशेजारचें विष्णुपुरी हें गांव दोन गोष्टींनीं ओळखलें जातें. एक, गोदावरीवरील जलाशय व त्यावरची उपसा सिंचन योजना. दुसरी, १९८१ सालीं स्थापन झालेली श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था. अशा विद्यास्थानीं शिकणाऱ्या एखाद्या मुलास वा मुलीस रेडिओनें चालणारीं विमानें बांधण्याचा नाद लागला, तर त्यांत नवल नाहीं. हा नाद आम्हांस स्तुत्य वाटतो. गणित, पदार्थविज्ञान व हातांचें कसब हीं तिन्ही त्यांत एकत्र येतात. परंतु पंखांचा विस्तार अडीच मीटर आणि वजन ८-१० किलो झालें, कीं तें खेळणें उरत नाहीं. तें वेगानें कोणाच्या अंगावर आलें तर प्राणाशींच गांठ. म्हणून खर्चास संमति देणाऱ्या वडीलमंडळींनींहि बॅटरी व सर्व्हो या दोन वस्तूंची थोडी माहिती करून घ्यावी.

सर्व्हो म्हणजे विमानाचे स्नायू. काड्यापेटीहून थोड्या मोठ्या डबींत लहानशी मोटर व दांतेरी चाकें असतात. जमिनीवरून आलेल्या आज्ञेप्रमाणें तो पंखांवरील व शेपटीवरील झडपा वळवितो. त्याचा जोर किलो-सेंटिमीटरमध्यें मोजतात. १० किलो-सेंटिमीटरचा सर्व्हो १ सेंटिमीटर लांबीच्या भुजेवर १० किलोचा भार ओढतो, २ सेंटिमीटरच्या भुजेवर मात्र ५ किलोचाच. उलट, विमानाचा वेग दुप्पट झाला कीं झडपेवरील वाऱ्याचा दाब चौपट होतो. तेव्हां लहान विमानांतला सर्व्हो मोठ्या विमानांत बसविणें म्हणजे गाड्याला शेळी जुंपणें होय. जोर गरजेच्या दीडपट ते दुप्पट ठेवावा, दांतेरी चाकें धातूचीं घ्यावीं आणि झडप हातानें हलवून सांधे ढिले नाहींत ना, हें पाहावें. ढिली झडप वेगांत थरथरूं लागते व क्षणांत निखळते.

आतां बॅटरी. जलाशय कितीहि भरलेला असो, पंप व नळ अपुरे असतील तर शेतास पाणी मिळत नाहीं, हें विष्णुपुरीकरांस सांगावयास नको. बॅटरीवरील मिलिअँपिअर-तासांचा आंकडा केवळ सांठा सांगतो. एकदम किती प्रवाह देतां येईल, हा प्रश्न निराळा. समजा, ८ सर्व्हो आहेत व पूर्ण जोर लागतां प्रत्येक ३ अँपिअर घेतो. तर क्षणभर २४ अँपिअरपर्यंत मागणी होऊं शकते. तेवढा प्रवाह बारीक तारेंतून वा हलक्या बटणांतून मिळाला नाहीं, तर दाब घसरतो, रिसीव्हर बंद पडतो आणि विमान कोणाचेंच ऐकत नाहीं. म्हणून मोठ्या विमानांत दोन बॅटऱ्या व दोन स्वतंत्र बटणें ठेवावीं.

प्रकार मुख्यतः तीन. निकेल-मेटल हायड्राइडच्या घटाचा दाब १.२ व्होल्ट, लिथियम-लोह-फॉस्फेटचा ३.३ व लिथियम-पॉलिमरचा ३.७. शेवटचा हलका व जोमदार, पण पूर्ण भरल्यावर दोन घटांचा दाब ८.४ व्होल्ट होतो. ६ व्होल्टांचा सर्व्हो त्यानें जळेल. रिसीव्हरसाठीं आम्ही लोह-फॉस्फेटची शिफारस करतों, कारण त्यास आग लागण्याचें भय कमी. मात्र त्याचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. नुसत्या व्होल्टमापकावरून सांठा कळत नाहीं. बॅटरी पुन्हां भरतांना किती मिलिअँपिअर-तास लागले, तें वहींत टिपावें व निम्म्याहून अधिक सांठा खर्चूं नये.

मराठवाड्याचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत लिथियमची बॅटरी बंद मोटारींत ठेवूं नये. ती योग्य चार्जरनें, फरशीवर, कोणी जागें असतांनाच भरावी. गादीवर किंवा देवघराशेजारीं कदापि नव्हे. फुगलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये.

२०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या अशा प्रतिकृतींची व्याख्या करतांना त्या डोळ्यांच्या टप्प्यांतच उडवावयाच्या, असें म्हटलें आहे. नांदेडास विमानतळ असल्यानें उड्डाणापूर्वी सरकारी आकाशनकाशा अवश्य पाहावा.

रंग व इंजिन पाहुण्यांच्या नजरेंत भरतात; बॅटरी व सर्व्हो पोटांत दडलेले असतात, म्हणून काटकसर नेमकी तेथेंच होते. घरांतील कर्त्या मंडळींनीं मुलांस सांगावें, कीं पैसे कमी पडले तर विमान लहान बांधा, पण या दोन वस्तूंत कसर करूं नका.