जुन्या मोटारीचीं थकलेलीं कामें आणि हंगामाचा पैसा

वऱ्हाडांतील मध्यम कास्तकाराच्या अंगणांत बंडीशेजारीं आतां पुष्कळदां एखादी दुसऱ्याच्या हातून आलेली जुनी मोटार उभी दिसते. ती घेतांना किंमतीची घासाघीस भरपूर होते; पण मागील मालकानें कोणकोणतीं कामें थकवून ठेवलीं, याची चौकशी फारशी होत नाहीं. मग ज्येष्ठ-आषाढांत, म्हणजे बियाणें, खत आणि मजुरी यांस पैसा लागतो नेमक्या त्याच वेळीं, मिस्त्री कामांची लांबलचक यादी हातांत देतो. सोयाबीन निघणार दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, कापसाची पहिली वेचणीही त्याच्याच आगेमागें. तोंपर्यंत हीं कामें लांबणीवर टाकावीं कीं टाकूं नयेत, याचा विचार येथें करावयाचा आहे.

‘गाडी चालते आहे ना, मग कशास हात लावावयाचा?’ हें एका बाजूचें उत्तर. ‘सर्वच आतां करून टाका’ हें मिस्त्र्याचें. आमच्या मतें दोन्हीं आळशीपणाचीं उत्तरें आहेत. कांहीं भाग झिजत असतांना आवाज करून, थरथरून धन्यास आगाऊ सूचना देतात. कांहीं भाग मात्र शेवटच्या क्षणापर्यंत मुकाट असतात, आणि तुटतांना शेजारच्या भागांसही घेऊन जातात. पैशाची ओढ असतां निवड करावयाची ती या भेदावरून.

दुसऱ्या जातीचें ठळक उदाहरण म्हणजे टायमिंग बेल्ट. पुष्कळ इंजिनांत या रबरी पट्ट्यावर झडपा व दट्टे यांच्या हालचालीचा मेळ अवलंबून असतो. चालत्या गाडींत तो तुटला, तर अनेक इंजिनांत झडपा दट्ट्यांवर आदळून वांकतात. त्याची मुदत कारखानदार किलोमीटरांत देतात तशी वर्षांतही देतात, कारण रबर गाडी उभी असतांही म्हातारें होतें. कित्येक गाड्यांत पट्ट्याऐवजीं साखळी असते. आपल्या गाडींत काय आहे तें गाडीच्या पुस्तिकेंत पाहावें.

आतां हिशेब करूं. समजा, पट्टा बदलण्यास 10,000 रुपये लागतात, आणि तो तुटल्यास इंजिनासह एकंदर खर्च 60,000 होतो. हातीं पैसा नसल्यामुळें दरमहा शेंकडा 2 दरानें उसना आणला, तर पांच महिन्यांचें व्याज 1,000 रुपये. पट्टा आज ना उद्यां बदलावयाचाच आहे. तेव्हां थांबून वांचतात ते एवढे 1,000, आणि पणास लागतात 50,000. म्हणजे त्या पांच महिन्यांत पट्टा तुटण्याचा संभव पन्नासांत एकाहून कमी असेल, तरच थांबणें परवडेल. रात्रीं-अपरात्रीं रोग्यास अमरावतीस नेत असतां गाडी दर्यापूरच्या अलीकडे बंद पडली, तर काय, हें या हिशेबांत धरलेलेंच नाहीं. वाचकांनीं आपल्या गाडीचे आंकडे घालून ही बेरीज स्वतः करून पाहावी.

अडचण अशी कीं, दुसऱ्या हाताच्या गाडींत तो संभव कळावा कसा? किलोमीटरचें यंत्र मागें फिरवलेलें असूं शकतें. पावती किंवा नोंद हातीं नसेल तेथें काम झालेलेंच नाहीं असें समजावें. बैल विकत घेतांना आपण दांत स्वतः पाहतों, विकणाऱ्याच्या शब्दावर सोडीत नाहीं.

ब्रेकचें काम तर उधारीवर टाकण्याजोगें मुळींच नाहीं. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ओल शिरली कीं तें कमी उष्णतेवर उकळतें. डॉट 3 जातीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल धरलेल्या तेलास ती मर्यादा 140 अंशांची आहे. पावसाळ्यांत साऱ्या वऱ्हाडाचे लोक चिखलदऱ्यास जातात. सुमारें 1,100 मीटर उंचीवरून परतवाड्याकडे उतरतांना ब्रेकवर सतत पाय ठेवला, तर तेल तापून उकळतें, नळींत वाफ धरते, आणि पेडल खाली दाबलें तरी गाडी आवरत नाहीं. उतारावर खालचा गिअर घालावा हें खरेंच. पण जुनें तेल बदलण्याच्या ऐवजीं तो उपाय नव्हे.

टायरांचेंही तसेंच. जून 2022 मध्यें अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालें व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. पुढें समृद्धि महामार्ग आला. रस्ते असे झपाट्यानें सुधारले, गाड्या मात्र त्याच राहिल्या! अकोल्याच्या वैशाखांत पारा 45 अंशांवर जातो. त्या उन्हांत भेगाळलेला टायर भरधाव चालविणें म्हणजे जिवाशीं खेळ. टायरच्या बाजूवर शेवटीं चार आंकडे असतात. ‘2319’ असें असल्यास तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. नक्षी 1.6 मिलीमीटरपर्यंत झिजली कीं टायर बाद.

इंजिनाचें तेल व गाळणी यांचा खर्च इतका थोडा आहे कीं त्यावर वाद नको. रेडिएटरमधील पाण्याची व कूलंटची पातळी तर घरींच, इंजिन थंड असतां, पाहतां येते.

उलट वातानुकूलनाचा गॅस, पोंचे, रंग, फाटकी बैठक, अडणारी कांच हीं कामें खुशाल दिवाळीवर टाकावीं. शॉक अॅब्झॉर्बर नुकताच झिरपूं लागला असेल, तर पांदणीनें जपून चालवून कांहीं काळ काढतां येतो. पण मग लांबचा प्रवास बंद ठेवावा. मात्र ‘हळू चालवूं’ हीच कायमची दुरुस्ती होऊं देऊं नये. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणारी आपली शकुंतला 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. तिच्या रुळांची डागडुजी वर्षानुवर्षें रेंगाळली, वेग कमी करावा लागला, आणि अखेर गाडीच थांबली.

पैसा कोठून आणावा? पीककर्जांतून तरी खचित नव्हे. तें मुदतींत फेडल्यास व्याजांत सवलत मिळते. मोटारीपायीं तें थकलें, तर ती सवलतही गेली. विम्यावरही भिस्त ठेवूं नये, कारण मोटारीच्या सर्वसाधारण विम्यांत झीज व यंत्राचा बिघाड धरलेला नसतो. ब्रेक किंवा टायर यांपुरताही पैसा जुळत नसेल, तर गाडी दोन महिने गोठ्याशेजारीं उभी करून एस. टी. नें जावें, उभ्या गाडीची बॅटरी मात्र सोडून ठेवावी.

जें काम पुढें ढकलाल, तें तारीख व किलोमीटर यांसह एका वहींत लिहून ती वही गाडीच्या कप्प्यांत ठेवावी. पुढें हीच गाडी विकावयाची झाली, तर पावत्यांसह ती वही पाहून घेणारा चार पैसे अधिक देतो.