मान वाकडी, दोष मात्र डोळ्याच्या दोरीत

आम्ही कौंडण्यपूरहून, रुक्मिणीमातेच्या माहेरातून बोलतो आहोत.

आमच्या बचत गटातल्या एका ताईची मुलगी सहा वर्षांची आहे. तिची मान सदा डाव्या खांद्याकडे झुकलेली. घरचे रागवायचे, पोरं चिडवायची. आम्हीही बैठकीत तिची हनुवटी धरून मान सरळ केली होती. हात सोडला की मान पुन्हा तिकडेच. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोष मानेत नाही, उजव्या डोळ्याच्या एका स्नायूत आहे. मान सरळ केली की तिला एकाचे दोन दिसतात.

असं का होतं? प्रत्येक डोळा फिरवायला सहा स्नायू असतात, चार सरळ आणि दोन तिरपे. बैलजोडीचे कासरे सारखे ओढले तरच गाडी नीट चालते, तसे दोन्ही डोळे सोबत वळले तरच एक चित्र दिसतं. वरच्या तिरप्या स्नायूचा दोर तर विहिरीच्या गडगडीवरून जावा तसा, नाकाकडच्या छोट्या कडीतून वळून डोळ्याला जोडलेला असतो. या मुलीचा हाच दोर जन्मापासून सैल आहे. काहींना तो नसतोच. मग डोळा वर सरकतो, आणि मूल मान झुकवून आपली नजर जुळवून घेतं. ती खोड नसते.

चेहरे जसे वेगळे, तसे हे स्नायूही. बुबुळाच्या कडेपासून नाकाकडचा स्नायू साधारण ५.५ मिलिमीटरवर जोडलेला असतो, वरचा ७.७ मिलिमीटरवर. पण माणसागणिक थोडा फरक पडतो. कुणाला जास्तीचा धागाही असतो. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. मात्र तिरळेपणाचं ऑपरेशन करताना डॉक्टरांना जागा मोजूनच घ्यावी लागते. म्हणून शेजारच्या मुलाला जे केलं, तेच आपल्या मुलाला लागेल असं नाही. कुणाचं काम नुसत्या चष्म्यानंही होतं.

आता घरी काय पाहायचं?

मुलाचे जुने फोटो काढा. यात्रेतले, वाढदिवसाचे. प्रत्येक फोटोत मान एकाच बाजूला दिसते का? डॉक्टरही असे फोटो मागतात. मानेचा स्नायू आखडला तरी मान वाकते, म्हणून कारण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तान्ह्या बाळाचे डोळे सुरुवातीला मधूनमधून इकडेतिकडे जातात. चार महिन्यांनंतरही तसं दिसलं, तर दाखवा. फोटोत बाहुली पांढरी चमकली, तर एक दिवसही थांबू नका. मोठ्या माणसाला अचानक एकाचे दोन दिसू लागले, तरी लगेच दवाखाना गाठा.

"तिरळा डोळा भाग्याचा, मोठेपणी सरळ होईल," असं म्हणून थांबू नका. वापरात नसलेल्या डोळ्याची नजर मंद होत जाते. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले, तर ती सुधारण्याची आशा जास्त असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं, गरज असेल तर पुढे पाठवतं. पथक कधी येणार, हे अंगणवाडीताईंना आजच विचारा.

आमच्या त्या मुलीचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. पण घरातलं रागावणं त्याच दिवशी थांबलं. आता आमच्यापैकी कुणी तिची हनुवटी धरत नाही.