जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा : ‘फुकट शिक्षणा’चा खरा हिशेब

मास्टर्ससाठी जर्मनीला जायचं म्हटलं की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘तिथं शिक्षण फुकट आहे, पैशांचा प्रश्नच नाही.’ यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठं शिक्षणशुल्क घेत नाहीत, फक्त सत्राची वर्गणी घेतात. मात्र बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात.

दुसरा भाग साफ चुकीचा. वर्षभराच्या राहण्या-खाण्याची सोय व्हिसाआधीच दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो, अशी ठरली. बहुतेक जण ती ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरतात. हे पैसे जर्मन सरकार ठेवून घेतं, असं अनेक पालकांना वाटतं. तसं नाही. खातं मुलाच्या किंवा मुलीच्याच नावावर असतं आणि तिथं पोचल्यावर दरमहा ठरलेली रक्कम खर्चायला मिळते. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मागता येते. शिष्यवृत्ती किंवा जर्मनीतल्या नातेवाइकाचं अधिकृत हमीपत्रही चालतं. कर्ज काढणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं : बँकेनं कर्ज मंजूर करणं वेगळं आणि पैसे वेळेत त्या खात्यात पोचणं वेगळं.

‘पार्ट-टाइम कामावर सगळं भागेल’ हा हिशेबही धोक्याचा. कामाला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस अशी मर्यादा आहे, आणि जर्मन न येणाऱ्याला काम मिळणं अवघडच.

प्रवेशपत्र आलं म्हणजे व्हिसा आलाच, असंही नाही. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय अर्जदारांना, मोजके अपवाद सोडता, एपीएस या पडताळणी केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या गुणपत्रिका आणि पदवी खरी आहे का, हे त्यात तपासलं जातं. अनेक विद्यापीठं ते प्रवेशाच्या अर्जाबरोबरच मागतात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

नकार आल्यास वकिलातीकडे फेरविचार मागता येतो, हा सल्ला आता जुना झाला. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद आहे. उरतो नवा अर्ज किंवा जर्मन न्यायालय. त्यामुळे एजंटानं दिलेलं साचेबंद उद्देशपत्र जोडू नका. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, पुढं काय करायचंय, हे स्वतः लिहा. मुलाखतीत हेच विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.