घर बदलताना सामान कुठे ठेवावे?

जुने घर पाडून नवे बांधायला काढले, भाड्याची जागा सोडावी लागली किंवा नव्या जागेचा ताबा लांबला, की सामान कुठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो. सोलापुरात अनेक कारागीर बांधवांचे घर आणि धंदा एकाच छताखाली असतो. त्यामुळे कपाट-भांड्यांबरोबर सुताची पोती, चादरींचे गठ्ठे, शिलाई मशीन, मागाचे सुटे भागही हलवावे लागतात. नातेवाईकांकडे चार दिवस सामान ठेवता येते, आठ महिने नाही. मग गोडाऊन शोधणे आले.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा. खोली किंवा गाळा भाड्याने घेऊन आपलेच कुलूप लावले, तर तो जागेचा व्यवहार झाला. आतील मालाची राखण आपली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. याउलट सामान मोजून गोडाऊनवाल्याच्या स्वाधीन केले, तर ती अमानत झाली. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 नुसार, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेतो, तेवढी त्याने घेतली पाहिजे. मात्र तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर वेगळा करार नसल्यास कलम 152 प्रमाणे त्याच्यावर जबाबदारी येत नाही. म्हणून करार आणि विमा दोन्ही हवेत.

आम्ही हा धडा पैसे मोजून शिकलो. घराचे काम चालू असताना आम्ही सामान एका शेडमध्ये ठेवले. त्यात जेकॉर्डच्या पुठ्ठ्याच्या कार्डांचे दोन संच होते. पावसात पत्रा गळला आणि कार्डे फुगून निकामी झाली. भरपाई मागायला गेलो, तर पावतीवर फक्त "घरगुती सामान" असे लिहिलेले! कार्डे तेथे होती हेच आम्हाला सिद्ध करता आले नाही.

तेव्हा सामान देताना नगवार यादी करावी, प्रत्येक वस्तूची स्थिती व अंदाजे किंमत लिहावी, फोटो काढावेत आणि दोन्ही प्रतींवर गोडाऊनवाल्याची सही घ्यावी. दागिने, रोकड आणि जागेची कागदपत्रे गोडाऊनमध्ये ठेवूच नयेत.

जागा स्वतः जाऊन पाहावी. छताला डाग, भिंतीला ओल, वाळवीची माती, उंदरांच्या लेंड्या दिसतात का ते बघावे. माल थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून थोडा दूर ठेवावा. सूत व कापड ओले असताना बांधू नये. शेजारी रंग, रसायन किंवा तेलाचा साठा असेल, तर ती जागा सोडून द्यावी.

आगीचा विचार सर्वांत आधी करावा. 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत 8 जणांचा जीव गेला. मालकाचे कुटुंब कारखान्याच्याच इमारतीत राहत होते. कापूस आणि कापड पेटायला वेळ लागत नाही. वायरिंग, आग विझवण्याची साधने आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. जागा कमी पडते म्हणून राहत्या घराच्या जिन्यात गठ्ठे रचणे तर त्याहून धोक्याचे.

विम्याची पॉलिसी साधारणपणे त्यात लिहिलेल्या पत्त्यापुरती असते. माल हलवण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवून नव्या जागेची नोंद करून घ्यावी. गोडाऊनवाला "आमचा विमा आहे" म्हणाला, तरी तो इमारतीचा की आपल्या मालाचा, हे कागद पाहून ठरवावे.

दर ठरवताना हमाली, गाडीभाडे व जीएसटी धरून बोलावे. मुदतीआधी सामान काढल्यास पैसे परत मिळतील का आणि भाडे थकल्यास मालाचे काय होईल, हेही करारात असावे.

घरगुती सामानाबाबत सेवेत कसूर झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला हा मार्ग नाही. पण स्वतः काम करून पोट भरणाऱ्या कारागिराला कायद्याने त्यातून सूट दिली आहे. मात्र आयोगासमोर तोंडी बोलणे चालत नाही, कागद लागतो. ओळखीचा माणूस असला तरी यादी व सही मागण्यात संकोच करू नये. त्याने व्यवहारही टिकतो आणि ओळखही.