रायगडाची वाट, ज्येष्ठ शके १५९६

जून लागला की महाडच्या एसटी स्टँडवर भगवे फेटे दिसू लागतात. रात्रभर प्रवास करून आलेली पोरं तिथल्या नळावर तोंड धुतात, टपरीवर चहा घेतात आणि गडाच्या पायथ्याच्या पाचाडची गाडी पकडतात. तारखेने ६ जूनला आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला असा शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा सोहळा रायगडावर दोनदा होतो. त्या गर्दीतून पायऱ्या चढताना मला दर वेळी १६७४ साली हीच वाट चढलेली माणसं आठवतात.

त्यांतल्या एकाने रोजनिशी ठेवली, म्हणून त्याची वाट आपल्याला मुक्कामागणिक ठाऊक आहे. हेन्री ऑक्झिंडेन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील. मेच्या मध्याला तो मुंबईहून दोन इंग्रज साथीदार आणि दुभाषी नारायण शेणवी यांना घेऊन निघाला. चौलला पोहोचेपर्यंत रात्र झाली. पोर्तुगिजांनी दरवाजे लावून घेतले होते, म्हणून मुक्काम गावाबाहेरच्या चर्चमध्ये पडला. पुढे खाडीने अष्टमी, तिथून निजामपूर आणि मग पाचाड. राजधानी आली, पण राजे गडावर नव्हते. ते प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते. देवीला त्यांनी सव्वा मण सोन्याचं छत्र वाहिलं. इंग्रज मंडळी पाचाडच्या तळावर तंबूत थांबली आणि महाराजांचे मंत्री निराजीपंत यांचा निरोप आल्यावर वर चढली.

त्यांच्या मुक्कामातली एक गोष्ट मला फार आवडते. गडावर मांस खाणारे थोडेच. इंग्रजांना मात्र रोज बकऱ्याचं मांस लागे आणि ते पाचाडचा म्हातारा खाटीक पुरवी. कित्येक वर्षांत खपलं नाही इतकं मांस या दिवसांत खपलं, तेव्हा हे गिऱ्हाईक आहे तरी कोण ते पाहायला तो म्हातारा एवढा गड चढून आला. मोठ्या सोहळ्याच्या कागदात पाचाडचा एक कष्टकरी माणूस असा उमटून राहिला, याचं मला अप्रूप वाटतं.

बाकीचे कसे आले असतील? गागाभट्ट काशीहून आले. त्यांचं घराणं मूळ पैठणचं, म्हणजे एका अर्थी हे घरी परतणंच. सप्तनद्यांची आणि समुद्राची पाणी आली. आणि मावळे? त्यांच्या घरात तर सुतक ताजं होतं. त्याच फेब्रुवारीत नेसरीला सरनौबत प्रतापराव गुजर पडले होते. मार्चमध्ये राणी काशीबाई गेल्या होत्या. त्यातून उभं राहून हे लोक गडावर आले आणि त्यांच्यापैकी एकाचीही रोजनिशी आपल्या हाती नाही. सभासदाने बखर लिहिली ती वीस वर्षांनी, दूर जिंजीला. आपल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा डोळ्यांदेखतचा तपशील व्यापाराच्या कामासाठी आलेल्या पाहुण्याकडून घ्यावा लागतो, याची मला खंत आहे. त्याने लिहून ठेवलं, याबद्दल कृतज्ञताही आहे.

ऑक्झिंडेनच्या रोजनिशीतली ६ जून ही तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाची. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस १६ जून येतो, म्हणजे मृग लागून गेला होता. सकाळी सात-आठच्या सुमाराला ऑक्झिंडेन दरबारात गेला. महाराज सिंहासनावर होते. खालच्या पायरीवर संभाजीराजे, मोरोपंत पेशवे आणि एक थोर ब्राह्मण बसले होते. इंग्रजांनी लांबूनच मुजरा केला आणि नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांची नजर तिकडे गेली. त्यांनी पाहुण्यांना सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत बोलावून वस्त्रं दिली. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाले होते. उजवीकडच्या भाल्यांवर मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समतोल. तो न्यायाचं चिन्ह आहे, हे परक्या माणसालाही सांगावं लागलं नाही.

बाहेर दाराशी दोन लहान हत्ती आणि सोन्याच्या लगामांचे दोन घोडे उभे होते. एवढ्या अवघड वाटेने ही जनावरं वर आणली कशी, हे कोडं इंग्रजांना पडलं. पिल्लं असतानाच चढवली, असं गडावरचे वाटाडे सांगतात आणि मला ते पटतं. पायवाटेने वर पोहोचलं की हत्ती तलाव लागतो. तिथे धाप लागलेला माणूस काठावर टेकतो, तेव्हा त्या कोड्याची खोली कळते.

पुढे कंपनीशी तह झाला, तिच्या राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई ठरली आणि जूनच्या मध्याला ऑक्झिंडेन मुंबईला परतला. मला त्याच्यापेक्षा पाचाडच्या वाड्याकडे पाहावंसं वाटतं. ज्या माउलीने या दिवसाची वाट सगळ्यांत जास्त वर्षं पाहिली, त्या जिजाऊंनी सोहळ्यानंतर बारा दिवसांच्या आतच, ज्येष्ठ वद्य नवमीला, पाचाडात देह ठेवला.

गड उतरलात की बहुतेक गाड्या थेट महाडला सुटतात. या वर्षी गेलात, तर एक गाडी चुकवा आणि जिजाऊंच्या समाधीपाशी थोडा वेळ थांबा.